तीन टिंबांचा करार : सी भाषेतील अनिश्चितसंख्य अर्ग्युमेंट्सच्या फंक्शनचे अध्यापन – एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव गेल्या दोन दशकांत उच्च शिक्षणाचे एक केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. सिंबायोसिस, भारती विद्यापीठ, फ्लेम यांसारख्या संस्थांचे परिसर या गावाच्या हद्दीत वा लगत उभे राहिले आणि अभियांत्रिकीपासून व्यवस्थापनापर्यंत नानाविध विद्याशाखांचे विद्यार्थी येथे एकत्र आले. या विद्यार्थ्यांच्या दप्तरातील संगणक मात्र एकाच जातीचे नाहीत. कोणाकडे विंडोज, कोणाकडे लिनक्स, तर कोणाकडे अ‍ॅपलचे, 2020 नंतरच्या नव्या प्रोसेसरचे यंत्र असते. एके काळी प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकाच प्रकारचे असत आणि त्या सर्वांवर एकच कंपायलर असे. तेव्हा जो प्रश्न केवळ पुस्तकी वाटत असे, तो आता एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांमधील प्रश्न झाला आहे. एकच मूळ संहिता एकाच्या यंत्रावर योग्य उत्तर देते व शेजाऱ्याच्या यंत्रावर भलतेच उत्तर देते, याचे कारण काय?

या प्रश्नाचे सर्वाधिक बोलके उदाहरण म्हणजे सी भाषेतील अनिश्चितसंख्य अर्ग्युमेंट्स स्वीकारणारी फंक्शन्स होत. ती कशी शिकविली गेली, कोणत्या उदाहरणांनी शिकविली गेली आणि त्या अध्यापनातून विद्यार्थ्यांच्या मनात कोणती समजूत रुजली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ही चिकित्सा कोणा एका महाविद्यालयाची वा ग्रंथकाराची नाही. महाराष्ट्रातील वर्गांमध्ये दीर्घकाळ चालत आलेल्या एका पद्धतीची ती आहे. ‘सुवाह्य’ हा शब्द येथे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मूळ संहितेत बदल न करता नेता येणारा, या अर्थाने योजला आहे.

दोन आवृत्त्यांमधील पाठभेद

साहित्याच्या अभ्यासकास ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांमधील पाठभेद पाहण्याची सवय असते. संगणकशास्त्राच्या ग्रंथांकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1978 मध्ये व दुसरी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रस्तुत विषयापुरते बोलावयाचे तर या दहा वर्षांत ग्रंथकारांची भूमिका पूर्णतः पालटलेली दिसते.

पहिल्या आवृत्तीत त्यांनी मोकळेपणाने कबुली दिली आहे की, अनिश्चित संख्येची अर्ग्युमेंट्स घेणारे सुवाह्य फंक्शन लिहिण्याचा समाधानकारक मार्ग उपलब्ध नाही; कारण प्रत्यक्षात किती अर्ग्युमेंट्स पाठविली गेली, हे बोलाविलेल्या फंक्शनला जाणून घेता येत नाही. ‘प्रिंटएफ’ हे सर्वांच्या परिचयाचे फंक्शनही सुवाह्य नसून प्रत्येक यंत्रासाठी त्यात फेरफार करावे लागतात, असेही ते नमूद करतात. ही कबुली ज्या काळात दिली गेली तो काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. पीडीपी-11 या यंत्रावर वाढलेली युनिक्स प्रणाली त्याच सुमारास इंटरडेटा 8/32 या सर्वस्वी निराळ्या यंत्रावर नेली जात होती आणि स्टीफन जॉन्सन व रिची यांनी त्या अनुभवावर 1978 मध्येच निबंध लिहिला. सुवाह्यता हा त्यांच्यासाठी तात्त्विक विषय नव्हता, रोजच्या डोकेदुखीचा होता.

दुसऱ्या आवृत्तीत या विषयास स्वतंत्र उपप्रकरण मिळाले. मधल्या काळात युनिक्समध्ये ‘व्हेरआर्ग्ज’ नावाची सोय रुळली होती आणि अमेरिकन मानक समितीने तिचे संस्कारित रूप ‘स्टडआर्ग’ या शीर्षफाइलीत समाविष्ट केले होते. ते मानक 1989 मध्ये व त्याचे आंतरराष्ट्रीय रूप 1990 मध्ये मान्य झाले. फंक्शनच्या घोषणेत शेवटच्या नामांकित प्राचलानंतर तीन टिंबे द्यावयाची आणि आतील अर्ग्युमेंट्स ‘व्हीए_लिस्ट’, ‘व्हीए_स्टार्ट’, ‘व्हीए_आर्ग’ व ‘व्हीए_एंड’ या चार साधनांनी वाचावयाची, अशी ही व्यवस्था आहे. 1999 च्या मानकाने त्यात ‘व्हीए_कॉपी’ या पाचव्या साधनाची भर घातली.

या व्यवस्थेने 1978 ची अडचण दूर केली का? याचे उत्तर ‘अर्धी’ असे द्यावे लागते, आणि हेच बहुतेक वर्गांत सांगावयाचे राहून जाते. अर्ग्युमेंट्स यंत्रात कोठे ठेवली आहेत, हा प्रश्न मानकाने प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून उतरवून कंपायलरच्या डोक्यावर ठेवला. परंतु ती किती आहेत व कोणत्या प्रकारची आहेत, हा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. तो बोलाविणारा व बोलाविलेला यांच्यातील कराराचा भाग आहे आणि तो करार भाषा तपासत नाही.

आकांक्षा, योग्यता, सन्निधी

हा करार समजून घेण्यासाठी आपल्याकडील शाब्दबोधाची परिभाषा उपयुक्त ठरते. वाक्यार्थाचे ज्ञान होण्यास पदांमध्ये आकांक्षा, योग्यता व सन्निधी या तीन गोष्टी असाव्या लागतात, असे नैयायिक मानतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून हा विचार संस्कृतच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. नुसती गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी पदे उच्चारली तर तिच्या अभावी वाक्य होत नाही. अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता. विस्तवाने शिंपण्याची गोष्ट केली तर ती उरत नाही. आणि पदांचा उच्चार विलंबाविना, लागून होणे ही सन्निधी. एक पद सकाळी व दुसरे दुपारी उच्चारले तर ती नाही.

मराठीतील ‘देणे’ हे क्रियापद घेतले तर कोणी दिले, काय दिले व कोणाला दिले, ही त्याची आकांक्षा ठरलेली आहे. सी भाषेतील सामान्य फंक्शन या क्रियापदासारखे असते. त्याची आकांक्षा व योग्यता घोषणेतच नोंदविलेली असते आणि चूक झाल्यास कंपायलर बोट ठेवतो. तीन टिंबे असलेल्या फंक्शनची आकांक्षा मात्र मोकळी असते. ‘प्रिंटएफ’ची आकांक्षा त्याच्या पहिल्याच अर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे मांडणीच्या मजकुरात लिहिलेली असते. ‘%डी’ आले की एका पूर्णांकाची अपेक्षा निर्माण होते व ‘%एस’ आले की मजकुराच्या पत्त्याची. ‘ओपन’ या युनिक्सच्या फंक्शनची आकांक्षा दुसऱ्या अर्ग्युमेंटमधील खुणांत असते. नवी फाइल निर्माण करावयाची खूण असेल तरच तिसऱ्या अर्ग्युमेंटची अपेक्षा उत्पन्न होते. ‘एक्झेकएल’ हे फंक्शन शून्य-पत्ता भेटेपर्यंत वाचत जाते, म्हणजे त्याच्या आकांक्षेची निवृत्ती शेवटच्या पदाने होते. आकांक्षा कोठे ना कोठे लिहिलेली असावीच लागते. ती कोठे लिहावयाची एवढेच स्वातंत्र्य फंक्शनच्या कर्त्यास असते.

या उपमेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. विस्तवाने शिंपल्याचे वाक्य कानी पडले तर श्रोता थबकतो. संगणकातील फंक्शन थबकत नाही. दशांश संख्येचे आठ बाइट त्यास पूर्णांक म्हणून वाचावयास सांगितले तर ते निमूटपणे वाचते. योग्यतेचा अभाव ओळखणारा श्रोताच तेथे नाही.

चाळीची उपमा व सन्निधीचा भ्रम

महाराष्ट्रातील अनेक वर्गांत हा विषय प्रदीर्घ काळ ज्या रीतीने शिकविला गेला, त्या रीतीचा दोष वरील परिभाषेत नेमका मांडता येतो. आकांक्षा व योग्यता बाजूला सारून सर्व भार एकट्या सन्निधीवर टाकला गेला.

यामागे इतिहास आहे. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर 1987 मध्ये आला आणि पुढे त्याच्या आवृत्त्या आपल्याकडील प्रयोगशाळांमध्ये इतक्या खोल रुजल्या की जगाने डॉस प्रणाली सोडल्यानंतरही निळ्या पडद्याची ती खिडकी आपल्याकडे उघडीच राहिली. त्या कंपायलरमध्ये पूर्णांक दोन बाइटांचा असे आणि नेहमीच्या पद्धतीनुसार सर्व अर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे स्टॅकवर ठेवली जात. उजवीकडून सुरुवात करण्यास कारण होते. त्यामुळे पहिले अर्ग्युमेंट नेहमी ठराविक जागी सापडे, पुढे कितीही असोत. फंक्शन संपल्यावर स्टॅक आवरण्याचे काम बोलाविणाऱ्याकडे असे, कारण किती अर्ग्युमेंट्स ठेवली हे त्यालाच ठाऊक. त्याच कंपायलरमधील ‘पास्कल’ पद्धतीत हा क्रम व ही जबाबदारी दोन्ही उलट होती आणि म्हणून त्या पद्धतीने अनिश्चितसंख्य फंक्शन लिहिता येत नसे. हा सर्व भाग विद्यार्थ्यांना शिकविण्यासारखाच आहे.

दोष पुढच्या पायरीवर घडतो. स्टॅकची रचना मराठीतून समजावून सांगताना चाळीतील खोल्यांची उपमा सहज सुचते. पहिल्या खोलीचा पत्ता मिळाला की पुढील भाडेकरू शेजारच्याच खोलीत राहतात. तेव्हा पहिल्या अर्ग्युमेंटचा पत्ता घ्यावा, तो एकेकाने वाढवावा आणि दार ठोठावीत जावे. ‘बेरीज’ नावाचे फंक्शन, त्याचे पहिले अर्ग्युमेंट पुढील संख्या किती हे सांगणारे, आणि आत त्याच अर्ग्युमेंटच्या पत्त्यावरून पुढे चालणारा पॉइंटर, असा हा नमुना आहे. ‘बेरीज(3, 10, 20, 30)’ असे बोलाविल्यास टर्बो सीमध्ये 60 हे उत्तर मिळते. ‘स्टडआर्ग’ची चार साधने त्यानंतर शिकविली गेलीच तर ‘याच कामाची सोपी पद्धत’ म्हणून शिकविली जातात. मूळ समजूत सन्निधीचीच राहते.

हाच प्रोग्रॅम आजच्या 64-बिट लिनक्सवर चालविला की चाळ नाहीशी होते. तेथील संकेतानुसार पहिली सहा पूर्णांक वा पत्ता-स्वरूपाची अर्ग्युमेंट्स प्रोसेसरच्या रजिस्टरांतून जातात आणि पहिल्या आठ दशांश संख्या निराळ्या रजिस्टरांतून जातात. 3, 10, 20 व 30 यांपैकी एकही स्टॅकवर ठेवलेले नसते. फंक्शनमध्ये पहिल्या अर्ग्युमेंटचा पत्ता मागितला म्हणून कंपायलर त्याची एक प्रत स्मृतीत ठेवतो, परंतु तिच्या शेजारी कोण राहते याची कोणतीही हमी नसते. पॉइंटर ज्या खोलीचे दार ठोठावतो तेथे त्याच फंक्शनचा भलताच ऐवज असतो. कंपायलरला संहिता जलद करावयास सांगितले तर आणखी निराळे उत्तर मिळू शकते. 32-बिट लिनक्सवर मात्र अर्ग्युमेंट्स स्टॅकवरच जात असल्याने हा प्रोग्रॅम पुन्हा 60 हे उत्तर देतो. सुधारणेसाठी एक पाऊल टाकले, काही बिघडले नाही, तेव्हा पद्धत योग्यच, अशी समजूत त्यामुळे अधिकच दृढ होते.

‘स्टडआर्ग’ची साधने वापरणारा प्रोग्रॅम या तिन्ही यंत्रांवर 60 हेच उत्तर देतो. ही सोपी पद्धत आहे म्हणून नव्हे. 64-बिट लिनक्सवर ‘व्हीए_लिस्ट’ हा साधा पत्ता नसून चार घटकांची एक रचना असते. पूर्णांकांच्या रजिस्टरांपैकी कितव्यापर्यंत वाचन झाले, दशांशांच्या कितव्यापर्यंत झाले, रजिस्टरांची प्रत कोठे जपली आहे आणि स्टॅकवर सांडलेली अर्ग्युमेंट्स कोठून सुरू होतात, अशा चार नोंदी तीत असतात. ‘व्हीए_आर्ग’ला प्रकाराचे नाव का द्यावे लागते, याचा उलगडाही येथे होतो. प्रकार कळल्याशिवाय कोणत्या रजिस्टर-गटात पाहावे हेच ठरत नाही. चाळीच्या उपमेत प्रकाराचे काम केवळ किती पावले टाकावयाची एवढेच होते. येथे कोणत्या दिशेस जावयाचे हेही तोच ठरवितो.

पुण्यापुरते पाहिले तरी ‘यंत्र बदलते’ ही गोष्ट नवलाची नव्हती. येथील प्रगत संगणन विकास केंद्र 1988 मध्ये स्थापन झाले. 1991 च्या परम 8000 या महासंगणकात ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते, तर 1998 च्या परम 10000 मध्ये अल्ट्रास्पार्क जातीचे. सात वर्षांत एकाच शहरातील एकाच संस्थेच्या यंत्रांचा अंतरंग-संकेत पालटला. स्पार्क यंत्रावर पहिली सहा अर्ग्युमेंट्स रजिस्टरांतूनच जात असत. याच शहरात हे घडत असताना काही मैलांवरील वर्गांत एका यंत्राची रचना भाषेचा नियम म्हणून सांगितली जात होती, हा विरोधाभास नोंद घेण्यासारखा आहे.

योग्यतेच्या तीन कसोट्या

योग्यतेच्या संदर्भात पहिली कसोटी प्रकारवर्धनाची आहे. तीन टिंबांच्या जागी पाठविलेले ‘कॅर’ व ‘शॉर्ट’ प्रकारचे मूल्य पूर्णांक होऊन जाते आणि ‘फ्लोट’ हे ‘डबल’ होऊन जाते. त्यामुळे ‘व्हीए_आर्ग’मध्ये ‘कॅर’ वा ‘फ्लोट’ असे लिहिणे केव्हाही चुकीचे असते, जरी बोलाविणाऱ्याने अक्षर वा ‘फ्लोट’च पाठविले असले तरी. वर्गनोंदींत अक्षरे वाचण्यासाठी ‘कॅर’ लिहिलेले उदाहरण वारंवार दृष्टीस पडते, कारण काही जुन्या कंपायलरांवर ते चालून जाते. आजचा जीसीसी कंपायलर यावर इशारा तर देतोच, शिवाय ती ओळ गाठली गेल्यास प्रोग्रॅम तेथेच थांबेल अशी व्यवस्था करतो. हा उद्धटपणा हितकारक आहे.

दुसरी कसोटी समाप्तिचिन्हाची आहे. शून्य-पत्ता येईपर्यंत वाचणाऱ्या फंक्शनला शेवटी कोरे 0 दिले तर ते पूर्णांक म्हणून जाते. टर्बो सीच्या लहान स्मृती-नमुन्यात पूर्णांक व पत्ता दोन्ही दोन-दोन बाइटांचे असल्याने तेथे काहीच जाणवत नसे. 64-बिट लिनक्सवर पूर्णांक चार बाइटांचा व पत्ता आठ बाइटांचा असतो. अर्ग्युमेंट रजिस्टरांतून गेले तर उरलेले चार बाइट बहुधा शून्यच असतात आणि चूक झाकली जाते. सातव्या क्रमांकावर ते स्टॅकवर गेले की वरच्या चार बाइटांत जुना कचरा असू शकतो. म्हणजे चार शब्द दिले तर चालणारा प्रोग्रॅम सात शब्द दिले की कोसळू शकतो. ज्या विद्यार्थ्यास केवळ ‘उत्तर आले का’ एवढेच पाहावयास शिकविले आहे, त्याने हा दोष कसा शोधावा? शून्यास पत्त्याचा प्रकार स्पष्टपणे देणे हा त्यावरील उपाय एका ओळीचा आहे, पण तो सुचण्यासाठी योग्यता ही संकल्पना आधी मनात असावी लागते.

तिसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे. किती लांबीचा मजकूर तयार होईल हे आधी मोजावे, तेवढी जागा घ्यावी आणि मग मजकूर लिहावा, यासाठी ‘व्हीएसएनप्रिंटएफ’ हे फंक्शन एकाच ‘व्हीए_लिस्ट’सह दोनदा बोलाविले जाते. 64-बिट विंडोजवर ‘व्हीए_लिस्ट’ हा साधा पत्ता असल्याने फंक्शनला त्याची प्रत मिळते, मूळ जागचे हलत नाही आणि दुसरे वाचन पुन्हा आरंभापासून होते. लिनक्सवर तीच वस्तू सारणीच्या रूपात असल्याने फंक्शनला मूळच मिळते आणि दुसरे वाचन पहिले जेथे संपले तेथून पुढे सुरू होते. मानकाचे म्हणणे स्पष्ट आहे. ‘व्हीए_लिस्ट’ दुसऱ्या फंक्शनच्या हाती देऊन तेथे ‘व्हीए_आर्ग’ झाले की तिचे मूल्य अनिश्चित समजावे, आणि दोनदा वाचावयाचे असेल तर आधी ‘व्हीए_कॉपी’ने प्रत करावी व प्रत्येक प्रतीस स्वतंत्र ‘व्हीए_एंड’ द्यावे. येथे विंडोजवाला विद्यार्थी बरोबर व लिनक्सवाला चूक असे काही नाही. दोघांचीही संहिता सारखीच सदोष असते. एकास ते कळले आणि दुसऱ्यास कळावयाचे राहिले, एवढाच फरक.

हा सारा काथ्याकूट विद्यार्थ्यास कशासाठी, असे कोणास वाटेल. त्यास उत्तर 2000 सालच्या घटनांनी दिले. त्या वर्षी ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ या प्रचलित सर्व्हर प्रोग्रॅममधील एक दोष उघडकीस आला. बाहेरून आलेला मजकूर ‘प्रिंटएफ’ कुळातील फंक्शनला थेट मांडणीचा मजकूर म्हणून दिला जात होता. म्हणजे क्रियापदाची आकांक्षा कोणती असावी हे ठरविण्याचा अधिकार अनोळखी माणसास मिळाला. ‘%एन’ ही खूण तर स्मृतीत लिहिण्याची मुभा देते. दूरच्या यंत्रावर सर्वाधिकार मिळविण्यास एवढे पुरेसे होते. कराराच्या एका बाजूची जबाबदारी कोणीच घेतली नाही, तर काय होते याचा तो धडा होता.

उदाहरणाची निवड

प्रस्तुत चिकित्सेतील सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मात्र स्टॅकविषयी नाही, उदाहरणाविषयी आहे. वर्गात हा विषय जवळजवळ नेहमी ‘बेरीज’ वा ‘सर्वांत मोठी संख्या’ या उदाहरणाने शिकविला जातो. ज्या कामास तीन टिंबांची सर्वांत कमी गरज आहे, नेमके तेच काम त्यासाठी निवडले जाते. एकाच प्रकारच्या अनेक संख्यांसाठी सारणी व तिची लांबी देणे हाच योग्य मार्ग आहे. 1999 च्या मानकानंतर तर बोलाविण्याच्या ओळीतच अनामिक सारणी लिहिता येते. त्यामुळे लिहिण्याची सोय तीच राहते आणि प्रत्येक संख्येचा प्रकार कंपायलर तपासतो. ‘बेरीज’मध्ये प्रकार एकच असल्याने योग्यतेचा प्रश्न उद्भवतच नाही, आणि संख्या पहिल्याच अर्ग्युमेंटने सांगितल्याने आकांक्षेचाही फारसा उद्भवत नाही. उरते ती केवळ सन्निधी. चुकीची समजूत उदाहरणातच दडलेली आहे.

कर्निघन व रिची यांची 1988 मधील निवड या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. त्यांनी बेरीज घेतली नाही. ‘मिनप्रिंटएफ’ नावाचे एक अत्यल्प ‘प्रिंटएफ’ घेतले. त्यात मांडणीचा मजकूर एकेक अक्षराने वाचला जातो आणि खूण भेटली की तिच्यानुसार पूर्णांक, ‘डबल’ वा मजकूर यांपैकी एक मागितला जातो. आकांक्षा कोठून येते, योग्यता कोण ठरवितो आणि ‘फ्लोट’ऐवजी ‘डबल’ का मागावा लागतो, या तिन्ही गोष्टी त्या लहानशा फंक्शनमध्ये डोळ्यांसमोर घडतात.

आपल्याकडील ग्रंथकारांनी या विषयाची उपेक्षा केली, असे म्हणता येणार नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकांवर देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या सी भाषा शिकल्या. त्यांच्या ‘टेस्ट युवर सी स्किल्स’ या प्रश्नसंग्रहात अनिश्चितसंख्य अर्ग्युमेंट्सना स्वतंत्र प्रकरण आहे. विद्यार्थ्यासमोर संहिता ठेवून तीत काय घडेल वा काय चुकले, असे विचारण्याची ही रीत मूलतः चिकित्सेची रीत आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि पुस्तकातील प्रश्न परीक्षेपर्यंत पोहोचताना त्यातील ‘का’ गळून पडतो व ‘उत्तर काय’ एवढेच शिल्लक राहते, हा आपल्या परीक्षापद्धतीचा जुना रोग आहे.

‘बेरीज’ऐवजी कोणते उदाहरण घ्यावे? व्यवसायातील प्रोग्रॅमर तीन टिंबांचे फंक्शन स्वतः लिहितो तो प्रसंग बहुधा एकच असतो, तो म्हणजे त्रुटीची नोंद करणारे फंक्शन. वेळ, फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक पुढे जोडावयाचा आणि उरलेला मजकूर ‘प्रिंटएफ’च्या रीतीने छापावयाचा. या फंक्शनमध्ये एकदाही ‘व्हीए_आर्ग’ वापरावे लागत नाही. ‘व्हीए_स्टार्ट’ने आरंभ करून ती ‘व्हीए_लिस्ट’ जशीच्या तशी ‘व्हीएफप्रिंटएफ’च्या हाती द्यावयाची आणि त्याच फंक्शनमध्ये ‘व्हीए_एंड’ने शेवट करावयाचा. पाच-सहा ओळींचे हे काम आहे. त्यात जीसीसीचे ‘फॉरमॅट’ हे विशेषण घोषणेस जोडले तर मांडणीच्या खुणा व अर्ग्युमेंट्स यांचा मेळ कंपायलर बोलाविण्याच्या जागीच तपासतो. ते विशेषण मानकाचा भाग नाही, परंतु न तपासला जाणारा करार अंशतः तरी तपासला जातो. हे उदाहरण एका तासिकेत बसते. पुढील तासिकेस दोनदा वाचण्याचा प्रश्न आणि ‘व्हीए_कॉपी’ घेता येते.

स्टॅक दाखविल्याशिवाय विद्यार्थ्यास यंत्र कळत नाही, हा अनुभवी अध्यापकांचा युक्तिवाद मात्र दुर्लक्षणीय नाही. यंत्र दाखवावेच. परंतु एक यंत्र दाखविले की ते भाषेचे रूप वाटू लागते आणि दोन यंत्रे शेजारी ठेवली की भाषा व यंत्र यांतील भेद आपोआप दिसतो. लवळ्यासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र खर्चाची गरज नाही. अ‍ॅपलच्या नव्या यंत्रावर तीन टिंबांच्या जागची सर्व अर्ग्युमेंट्स स्टॅकवर जातात, तर नामांकित अर्ग्युमेंट्स रजिस्टरांतून जातात. म्हणून ‘बेरीज’ची व्याख्या तीन टिंबांची व दुसऱ्या फाइलीतील घोषणा चार पूर्णांकांची असेल तर बोलाविणारा रजिस्टरांत ठेवतो आणि फंक्शन स्टॅकवर शोधते. हाच विसंगत जोड 64-बिट लिनक्सवर बहुधा बिनबोभाट चालतो. मानकाच्या दृष्टीने तो दोन्हीकडे सारखाच अपरिभाषित आहे. एकाच बाकावरील दोन यंत्रांवर हा प्रयोग दहा मिनिटांत करता येतो.

मानकही थांबलेले नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सी23 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकाने तीन टिंबांआधी एक तरी नामांकित प्राचल हवे ही अट काढून टाकली आणि ‘व्हीए_स्टार्ट’ला आता शेवटच्या प्राचलाचे नाव देण्याची गरज उरली नाही. ज्या पहिल्या खोलीच्या पत्त्यावरून चाळीची उपमा सुरू होत असे, ती पहिली खोलीच आता असेल असे नाही. त्याच मानकात रिकाम्या कंसांचा अर्थही पालटला आहे. ‘बेरीज()’ अशी घोषणा म्हणजे पूर्वी ‘अर्ग्युमेंट्सविषयी काही सांगितलेले नाही’ असे होते. आता ती ‘एकही अर्ग्युमेंट नाही’ अशी झाली. जीसीसीची 15 वी आवृत्ती 2025 मध्ये आली आणि वेगळी सूचना न दिल्यास ती याच मानकाप्रमाणे वागते. रिकाम्या कंसांची घोषणा देऊन ‘बेरीज(3, 10, 20, 30)’ लिहिणारा वर्गनोंदींतील जुना प्रोग्रॅम त्या कंपायलरला दिला, तर 60 नाही आणि कचराही नाही. बोलाविण्याच्या ओळीवर त्रुटी दाखवून कंपायलर तेथेच थांबतो.